दाजूंच्या मागोमाग मनास्लू

श्रावण वद्य त्रयोदशी, काठमांडू

मनास्लू हे उंचीनं जगातलं आठवं शिखर, ८१६३ मीटर. पहिलं आठ हजारी शिखर कुठलं करावं असं गिर्यारोहकांत विचारलं, की मनास्लूचं नाव हमखास निघतं. माझं मात्र वेगळ्याच कारणानं ठरलं. ४ मे १९७४ रोजी नाओको नाकासेको, मासाको उचिदा आणि मिएको मोरी या तीन जपानी स्त्रिया जांबू शेर्पांसोबत या शिखरावर पोचल्या. त्याआधी आठ हजार मीटरच्या कुठल्याही माथ्यावर स्त्री पोचलेली नव्हती. त्याच मोहिमेत त्यांची सहकारी तेइको सुझुकी गेली. हे वाचलं तेव्हा मी सह्याद्रीत नुकती प्रस्तरारोहण शिकत होते. मनास्लू तेव्हापासून डोक्यात आहे.

आमची मोहीम सपोर्टेड. परवाना, तंबू, शिधा, ऑक्सिजनचे सिलिंडर हे सगळं मोहीम नेणारी संस्था बघते आणि बेस कॅम्पच्या वर प्रत्येकासोबत एक शेर्पा असतो. अशा चढाईला चढाई म्हणावं का, यावर पुण्यात आमच्या ग्रुपमध्ये रात्ररात्र वाद झालेत. माझं मत असं, की शेर्पा सोबत असण्यात काही कमीपणा नाही, त्यांचं काम झाकून ठेवण्यात आहे. म्हणून कोण काय उचलत होतं आणि दोर कोण लावत होतं, हे या डायरीत मी जमेल तितकं टिपलं. तारखांऐवजी तिथी घातल्या, कारण शिखराच्या रात्री चंद्र किती वाजता उगवणार हे तिथीवरून लगेच कळतं.

माझ्यासोबतचे शेर्पा संखुवासभा जिल्ह्यातले, मकालूच्या बाजूचे, चाळिशी ओलांडलेले. मी त्यांना दाजू म्हणते, म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ, ते मला दिदी म्हणतात, बोलणं हिंदीत. आज हॉटेलच्या गच्चीवर त्यांनी माझं सामान मांडून घेतलं. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारा काट्यांचा सांगाडा, बुटाला लावला, बूट उलटा धरून जोरात झटकला. क्रॅम्पॉन हलला नाही तेव्हा बाजूला ठेवला. हार्नेसच्या, म्हणजे दोराला अडकायच्या कमरपट्ट्याच्या, शिवणीवरून अंगठा फिरवला. जुमारचे, म्हणजे दोरावर फक्त वर सरकणाऱ्या पकडीचे, दात नखानं तपासले. मग जाड मिटन्स घालायला लावून त्याच हातांनी मला डाऊन सूटची चेन वरखाली करायला लावली, पुन्हा पुन्हा. "वर बोटं उघडी टाकायची नाहीत, दिदी," एवढंच म्हणाले.

श्रावण वद्य चतुर्दशी, माछाखोला

धादिंगबेसी, आरुघाट, सोतीखोला असा जीपचा प्रवास. आरुघाटच्या पुढे रस्ता म्हणजे चिखलच. दोनदा उतरून सगळ्यांनी गाडी ढकलली. गावोगाव तीजची गाणी लागलेली, लाल साड्या नेसलेल्या बायका अंगणात नाचत होत्या. आपल्या हरतालिकेचाच हा सण, पण इथे तो आधीपासून कित्येक दिवस चालतो.

अमावास्या ते भाद्रपद शुद्ध द्वितीया, बुढी गंडकीच्या काठानं

जगत, देंग, नामरुंग असे मुक्काम. पावसाळा संपलेला नाही. नऊशे मीटरवरून सुरू झालेली वाट घामानं आणि जळवांनी भरलेली. मोज्यांवर मीठ चोळून निघायचं आणि थांबलं की आधी घोटे बघायचे. तातोपानीच्या गरम झऱ्याखाली सगळ्यांनी खांदे शेकून घेतले. खेचरांचे तांडे आले की डोंगराच्या अंगाला चिकटून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. सह्याद्रीतल्या पावसात चालायची सवय असलेल्या माणसाला ही वाट परकी वाटत नाही. परकी वाटते ती नदी. बुढी गंडकीचा आवाज दिवसभर इतका मोठा असतो, की मागच्या माणसाशी बोलायचं तर थांबून वळावं लागतं.

देंगच्या आसपास भाताची खाचरं मागे पडतात, दगडांवर मंत्र कोरलेल्या भिंती लागतात. त्या भिंती उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. नामरुंगला पोचेपर्यंत हवेत गारवा आला, जळवा संपल्या आणि शेतात जव दिसू लागला.

हरतालिका, ल्हो

आज पहाटे मनास्लू दिसला. ल्होच्या गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, मागे दोन सुळके, मुख्य शिखर आणि त्याच्या शेजारी ७९९२ मीटरचं पूर्व शिखर. सूर्य आधी त्या दोघांवरच पडला, गाव अजून अंधारात होतं. दाजूंनी टोपी काढून हात जोडले. मीही जोडले. मग त्यांनी बोटानं दाखवलं, की आपला मार्ग इथून दिसत नाही, तो पलीकडे ईशान्येच्या अंगानं वर जातो.

गणेश चतुर्थी, सामागाव, ३५३० मीटर

सामागाव हे नुब्री खोऱ्यातलं मोठं गाव. दगडी घरं, अंगणात जळणाचे ढीग, बटाट्याची शेतं, याक. इथले लोक मनास्लूला पुंग्येन म्हणतात. तो त्यांचा देव.

या गावाला गिर्यारोहणाचा फार जुना आणि कडवट इतिहास आहे. १९५३ मध्ये जपानी मोहीम ७७५० मीटरपर्यंत जाऊन परतली. त्यानंतरच्या हिवाळ्यात हिमप्रपातानं गावाजवळची पुंग्येन गोम्पा उद्ध्वस्त केली, अठरा माणसं दगावली. देवाच्या अंगावर चढून गेले म्हणून देव कोपला, असं गावानं मानलं. १९५४ मध्ये जपानी पथक पुन्हा आलं तेव्हा गावकऱ्यांनी वाट अडवली, आणि ते पथक गणेश हिमालाकडे वळलं. शेवटी ९ मे १९५६ रोजी तोशिओ इमानिशी आणि ग्याल्झेन नोर्बू शेर्पा शिखरावर पोचले. ग्याल्झेन नोर्बू आदल्याच वर्षी मकालूच्या पहिल्या यशस्वी मोहिमेत माथ्यावर जाऊन आलेले होते. दोन आठ हजारी शिखरांच्या पहिल्या यशस्वी मोहिमांत माथा गाठलेला हा माणूस. मनास्लूचा विषय निघाला की इमानिशी आणि मोहिमेचे नेते माकी यांच्याइतकंच त्यांचं नाव घ्यायला हवं. दाजूंना ते नाव अर्थातच पाठ होतं.

आता याच गावातले स्त्री-पुरुष मोहिमांचं सामान बेस कॅम्पला वाहून नेतात. सकाळी अंगणात निळी पिंपं आणि गोण्या तोलून वाटल्या गेल्या. माझं पिंप एका साठीच्या बाईंनी घेतलं. नाम्लो, म्हणजे कपाळावरून घ्यायचा पट्टा, त्यांनी दोनदा सैल करून पुन्हा बसवला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि चढाला लागल्या. बेस कॅम्प इथून तेराशे मीटर वर. त्या दुपारी परत आल्या तेव्हा शेजारणीशी गप्पा मारत होत्या.

पुण्याहून मी सुकं खोबरं, गूळ आणि वेलदोडे आणले होते. स्वयंपाक्यांना सांगितलं तर त्यांनी मैद्याच्या लाट्या केल्या, सारण भरलं आणि मोमोच्या पातेल्यात उकडायला ठेवले. कळ्या त्यांच्या बोटांतून इतक्या झरझर पडत होत्या, की मी शिकवायला गेले ते नुसती बघत बसले. किचन तंबूत एका डब्यावर सुपारी मांडून आरती म्हटली. मोदक सगळ्यांना पुरले.

भाद्रपद शुद्ध सप्तमी, बेस कॅम्प

हिमनदीच्या बाजूच्या दगडगोट्यांवर पिवळे तंबू. दुपारनंतर रोज पाऊस, रात्री त्याचाच बर्फ. समोरच्या उतारांवरून हिमप्रपात कोसळतात, आवाज आधी छातीत जाणवतो, मग कानाला. रक्तातला ऑक्सिजन आज ऐंशीच्या खाली आहे. डोकं ठणकतं. सगळ्यांचंच ठणकतं. लसणाचं सूप, पाणी आणि सावकाश हालचाल, याहून दुसरं औषध आज नाही.

शुद्ध नवमी, पूजा

लामांनी सामागावहून पोथी पाहून दिवस दिला. दगडांचा चौथरा रचला, मधोमध काठी, तिथून चारी दिशांना पताका. धुपीच्या ओल्या फांद्यांचा धूर. क्रॅम्पॉन, आइस अ‍ॅक्स, हार्नेस सगळं चौथऱ्याला टेकवून ठेवलं. पूजा झाल्याशिवाय कुठलाही शेर्पा हिमनदीवर पाऊल टाकत नाही. शेवटी तांदूळ उधळले, एकमेकांच्या गालांना जवाचं पीठ फासलं. दाजूंनी माझ्या गळ्यात लाल दोरा बांधला. "पुंग्येनला सांगितलंय, आपण थोडाच वेळ थांबणार आहोत," म्हणाले.

शुद्ध दशमी, दोर

आमचा विश्रांतीचा दिवस. पण रोप फिक्सिंगचं पथक पहाटे तीनला निघून गेलं होतं.

डोंगरावर सगळ्यांचा दोर एकच असतो. अनेक मोहिमा मिळून खर्च उचलतात आणि निवडक शेर्पा तो दोर बेस कॅम्पपासून माथ्यापर्यंत लावत जातात. पहिला माणूस दोराशिवायच्या उतारावर चढतो, त्याला खालून दुसरा दोर देत जातो. ठरावीक अंतरावर भुसभुशीत बर्फात स्नो बार ठोकायचा, कठीण बर्फात आइस स्क्रू पिरगाळायचा, दोर ताणून गाठ मारायची. रात्री बर्फ पडला की गाडलेला दोर सकाळी उपसून वर काढायचा. हे सगळं पाठीवर दोराची भेंडोळी घेऊन, आणि खालच्या उंचीवर तरी ऑक्सिजनशिवाय. आमच्यासारखे लोक या उतारावर येतात तेव्हा दोर जागेवर असतो. आपण जुमार अडकवतो आणि वर सरकतो.

मी दाजूंना विचारलं, तुम्हीही दोर लावलाय का? त्यांनी हाताचा पंजा पुढे केला. करंगळीचं वरचं पेर नव्हतं. कुठल्या शिखरावर गेलं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी पुढे विचारलं नाही.

शुद्ध एकादशी ते त्रयोदशी, पहिली फेरी

कॅम्प एक साधारण ५७०० मीटरवर. तिथपर्यंतचा उतार सोपा, पण ऊन बर्फावरून परतून असं भाजतं की जाकीट काढावं लागतं, आणि ढग आला की दोन मिनिटांत दात वाजतात.

मनास्लूची खरी ओळख होते ती कॅम्प एक आणि दोनच्या मध्ये. तुटलेल्या हिमनदीचा हा भाग. हिमभेगांवर शिड्या टाकलेल्या, त्यानंतर बर्फाच्या उभ्या भिंती. अँकरपाशी, म्हणजे दोर बर्फात जखडलेल्या जागी, दोर बदलायची एक शिस्त आहे. आधी सेफ्टीचा कॅराबिनर, म्हणजे हार्नेसला बांधलेली कडी, पुढच्या दोरात, त्याचा 'टक्' आवाज ऐकायचा, ओढून बघायचा, मगच जुमार काढून पुढे लावायचा. एका क्षणालाही दोन्ही मोकळे नसावेत. नेहरू इन्स्टिट्यूटच्या गिर्यारोहणाच्या कोर्समध्ये हे हजारदा घोटून घेतलेलं. पण सहा हजार मीटरवर, श्वासाला श्वास मिळत नसताना, हात आपोआप तेच करतात तेव्हा त्या घोटण्याची किंमत कळते. दाजू प्रत्येक अँकरवर माझ्या हातांकडे बघत. तोंडानं एकच शब्द, "बिस्तारै." सावकाश.

एका भिंतीखाली वीस-पंचवीस माणसांची रांग लागली. भिंत दोन माणसांच्या उंचीचीच, पण वरच्याचा पाय घसरतो आणि खालचे सगळे थांबतात. मनास्लूवर गर्दी वाढलीय हे खरं आहे, आणि हिमकड्यांच्या सावलीत थांबणं धोक्याचं आहे हेही खरं. माझ्या मते संस्थांनी माणसं घेण्याआधी त्यांनी सात हजार मीटरचं एखादं शिखर केलंय का, हे बघितलंच पाहिजे. पैसे भरले एवढ्यावर कुणाला या दोरावर आणू नये, कारण एकाच्या घोळाची वाट बाकी सगळे उघड्यावर उभे राहून बघतात, आणि त्यात शेर्पा सर्वांत जास्त वेळ उभे असतात.

कॅम्प दोन ६४०० मीटरच्या आसपास. तंबूत शिरले तर दाजू बर्फाची गोणी भरून आणत होते. एवढ्या उंचीवर पाणी म्हणजे बर्फ वितळवणं, दुसरा मार्गच नाही. स्टोव्हवर पातेलं, त्यात तळाला थोडं जुनं पाणी, वर मुठीमुठीनं बर्फ. पातेलंभर बर्फाचं होतं ओंजळभर पाणी, मग पुन्हा बर्फ. माझी बाटली भरायला पाऊण तास गेला. मग दुसरी. मग त्यांची. मी झोपायच्या पिशवीत शिरले तेव्हा ते पहाटेच्या पाण्यासाठी तिसरं पातेलं लावून बसले होते. दुसऱ्या दिवशी मी कॅम्प तीनच्या उतारावर थोडं वर जाऊन परतले. दाजू मात्र दोन सिलिंडर पाठीवर घेऊन कॅम्प तीनला टाकून आले. एक भरलेला सिलिंडर साडेतीन-चार किलोंचा.

अनंत चतुर्दशी ते वद्य तृतीया

बेस कॅम्प, आणि तिथून खाली सामागावात विश्रांती. दाट हवेत भूक परत आली. बटाटे, याकचं चीज, डाळभात. बिरेंद्र तालाच्या काठावर बसून राहिले. हिमनदी थेट त्या तळ्याच्या डोक्याशी येऊन थांबते. फोन लागला. आई म्हणाली, पितृपक्ष लागला, या दिवसांत कशाला वर जातेस? मी म्हटलं, वारा आपलं पंचांग बघत नाही. हवामानाच्या अंदाजात अष्टमी-नवमीला माथ्यावरचा वारा मंद दिसत होता.

वद्य पंचमी ते सप्तमी, वर

एकेक कॅम्प, न बोलता. कॅम्प तीन ६८०० मीटरच्या आसपास, मनास्लू आणि उत्तर मनास्लू यांच्यामधल्या खिंडीखाली.

इथे २३ सप्टेंबर २०१२ च्या पहाटे वरून हिमकडा सुटला आणि झोपलेल्या तंबूंवर आला. अकरा जण गेले. त्याच्या चाळीस वर्षं आधी, १० एप्रिल १९७२ ला, याच डोंगरावर कोरियन मोहिमेच्या कॅम्पवर हिमप्रपात आला. पंधरा मृतांपैकी दहा शेर्पा होते. त्या दहा जणांची नावं मी निघण्याआधी शोधली होती. हवी तशी सगळीकडे ती छापलेली नाहीत. तंबूच्या बाहेर थोडे तांदूळ ठेवले. दाजूंनी बघितलं आणि स्वतःच्या खिशातली पूजेची अक्षत त्यावर टाकली. तंबू कुठे लावायचा यावर शेर्पांची इथे फार वेळ चर्चा झाली. शेवटी वरच्या हिमकड्याच्या रेषेतून बाहेर, गैरसोयीच्या तिरक्या जागेवर लावला. रात्रभर मी एका अंगावर घसरत होते आणि त्या जागेबद्दल मनात फक्त समाधान होतं.

वद्य अष्टमी, कॅम्प चार, ७४०० मीटर

तीन आणि चारमधला उतार या मार्गातला सगळ्यांत लांब आणि उभा. कठीण निळसर बर्फ, क्रॅम्पॉनची फक्त पुढची दोन टोकं रुततात. इथून ऑक्सिजन सुरू. चार लिटरचा सिलिंडर मिनिटाला दोन लिटरच्या वेगानं साधारण दहा तास पुरतो. म्हणजे वाटेत कुणी अडून राहिलं, तर आपलाच हिशोब कोसळतो. माझ्या सॅकमध्ये एक. दाजूंच्या सॅकमध्ये माझा राखीव, त्यांचा स्वतःचा, तंबूचा अर्धा भाग, स्टोव्ह, दोराचा तुकडा.

दुपारी तंबूत आडवी पडले. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशाहून थोडाच जास्त. बुटाची नाडी बांधायची तर मधे दोनदा थांबावं लागतं. दाजूंनी माझा रेग्युलेटर काढून फुंकून साफ केला, मास्कच्या झडपेत साठलेला बर्फ टोचून काढला आणि परत देताना मीटरवरचा आकडा मला मोठ्यानं वाचायला लावला. वरच्या उंचीवर डोकं शाबूत आहे का, हे बघायची त्यांची ही पद्धत.

वद्य नवमी, शिखर

रात्री साडेअकराला निघालो. पुढे हेडलँपची दहा-बारा टिंबं. थोड्याच वेळात अष्टमीचा अर्धा चंद्र तिबेटच्या बाजूच्या ढगांवर आला आणि उताराचा आकार दिसू लागला: एक पठार, मग चढ, मग दुसरं पठार. उभी भिंत कुठेच नाही, आणि संपतही नाही. पाच पावलं, थांबा. पाच पावलं, थांबा. सिंहगडावर वीस किलोंची सॅक घेऊन केलेल्या पहाटेच्या फेऱ्या पायांत होत्या, त्याच चालल्या.

पहाटे उप-शिखरापाशी पोचलो. इथे पताका आहेत, इथे फोटो काढायला जागा आहे, आणि कित्येक वर्षं बहुतेक लोक इथूनच परत फिरत होते. २०२१ च्या सप्टेंबरात मिंग्मा ग्याल्जे शेर्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथून पुढे कड्याच्या खालून आडवं जाऊन खरा माथा गाठला, आणि ड्रोनवरून काढलेल्या फोटोत जगाला स्पष्ट दिसलं, की सर्वोच्च बिंदू पलीकडे आहे. नेपाळमधल्या मोहिमांची नोंद ठेवणाऱ्या हिमालयन डेटाबेसनं २०२२ पासून उप-शिखराला शिखर मानणं बंद केलं. फार योग्य केलं. डोंगराचा माथा एकच असतो, आणि तो कुठे आहे हे एका शेर्पानंच दाखवून दिलं.

दोर धारेवरून खाली उतरतो, मग भुसभुशीत बर्फात आडवा जातो. पायाखाली सरळ दरी. या शंभरेक पावलांवर मला भीती वाटली, सबंध मोहिमेत कुठेही वाटली नव्हती तशी. दाजू पुढे होते. प्रत्येक अँकरपाशी ते वळत, माझा 'टक्' झाला की पुढचं पाऊल टाकत. मग एक छोटा उभा चढ.

वर एका वेळी एकाच माणसाला जागा. दाजू बाजूला झाले, म्हणाले, "दिदी, जाऊन या." मी म्हटलं, आधी तुम्ही. ते हसले, मास्क वर सारला आणि चार पावलं चढून उभे राहिले. मग मी. पूर्वेला गणेश हिमाल, पश्चिमेला अन्नपूर्णा आणि त्यामागे धौलागिरी, जवळच हिमालचुली, उत्तरेला तिबेटचं तपकिरी पठार. रडू आलं, पण गॉगलच्या आत पाणी गोठेल म्हणून आवरलं. तिरंगा काढला, आणि त्या तीन जपानी बायकांची नावं मोठ्यानं म्हटली.

"चला," दाजू म्हणाले. "अर्धंच झालंय."

वद्य दशमी आणि एकादशी, उतार

उतरताना अपघात जास्त होतात, हे सगळे सांगतात. त्यामागे कारण आहे: सिलिंडर संपत आलेला, पोटात काही नाही, मन सैल झालेलं, आणि चढताना पाठीमागे असलेली दरी आता पायांपुढे. चार आणि तीनच्या मधल्या बर्फावर दाजूंनी मला पुढे घातलं आणि स्वतः मागून छोट्या दोरानं धरून उतरले. कॅम्प चार आणि तीनचा सगळा कचरा, मोकळे सिलिंडर, गॅसचे डबे त्यांनी आणि इतर शेर्पांनी पाठीवर खाली आणले. मी माझी झोपायची पिशवी आणि एक मोकळा सिलिंडर आणला. बेस कॅम्पवर स्वयंपाकी मंडळी हिमनदीच्या काठापर्यंत गरम सरबताची किटली घेऊन आली होती.

सर्वपित्री अमावास्या, काठमांडू

सामागावहून हेलिकॉप्टरनं परत. संध्याकाळी हॉटेलवर हिमालयन डेटाबेसचे प्रतिनिधी आले. एलिझाबेथ हॉली या अमेरिकन पत्रकार बाईंनी १९६० पासून काठमांडूत राहून नेपाळमधल्या प्रत्येक मोहिमेची नोंद ठेवायला सुरुवात केली. २०१८ मध्ये त्या गेल्या, काम चालू आहे. कुठल्या वेळी कॅम्प सोडला, उप-शिखरापुढे गेलात का, माथ्यावर उभं राहिल्यावर कुठल्या बाजूला काय दिसलं, ऑक्सिजन कुठून वापरला, असं बारकाईनं विचारलं. माझ्यासोबत कोण होतं हे विचारल्यावर मी दाजूंनाच बोलावून शेजारी बसवलं. त्यांचं पूर्ण नाव, गाव, माथ्यावर आधी कोण चढलं, सगळं त्यांनीच सांगितलं.

पुण्यातल्या एका वार्ताहराचा फोन आला. बातमीत दोन नावं येतील का, असं मी विचारलं. ते म्हणाले, जागा बघून सांगतो. मी म्हटलं, जागा नसेल तर माझं लहान करा.

उद्या घटस्थापना. दाजू दसैंपुरते घरी जाणार, मग अमा दबलम शिखराच्या मोहिमेला. तिथेही दोर लावायचं पथक त्यांनीच निवडायचं आहे. रात्री जेवताना ते त्या दोराचे मीटर आणि स्नो बारचा हिशोब एका कागदावर मांडत होते. मी त्यांच्यासाठी डाळ वाढून घेतली आणि विचारलं, पहिल्या दिवशी पुढे कोण चढणार?

"पुतण्या," ते म्हणाले. "पहिल्यांदाच."